आठ दिवसांत निम्मे होणाऱ्या आयोडीनचा माग काही वर्षांनी कसा काढतात?

शहादेकर मास्तर

नमस्कार मंडळी. मी शहाद्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात अकरावीच्या वर्गात किरणोत्सारी ऱ्हास शिकवताना मी आयोडीन-१३१ चे उदाहरण घेतले. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे होण्यास लागणारा काळ, ८.०२ दिवसांचा आहे, म्हणून साधारण ८० दिवसांत त्याचा हजारावा भाग उरतो आणि वर्षभरात ते पंचेचाळीस वेळा निम्मे होऊन व्यवहारतः नाहीसे होते, हे मी फळ्यावर करून दाखवले. त्यावर तोरणमाळकडच्या एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, मग चेर्नोबिलच्या आसपास कोणत्या गावावर किती आयोडीन पडले होते, हे शास्त्रज्ञांनी दहा वर्षांनी कशावरून ठरवले?"

त्या काळी मोजमापे झाली असतील, एवढेच मी म्हणालो. तिचे त्याने समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. येथे वैद्यकीय आणि अणुक्षेत्रातील जाणकार आहेत, म्हणून हा धागा काढला आहे. तिला सांगता येईल असे नेमके उत्तर मला हवे आहे.

गिरणाकाठ

मास्तर, आपले उत्तर चूक नव्हते, अपुरे होते. चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या २६ एप्रिल १९८६ च्या अपघातानंतर मे आणि जून महिन्यांत युक्रेन, बेलारूस आणि रशियात साडेतीन लाखांहून अधिक लोकांच्या गळ्याजवळ मापक धरून, थायरॉईड या गळ्यातील ग्रंथीत साठलेले आयोडीन थेट मोजले गेले. परंतु जेथे मापक वेळेत पोहोचला नाही, त्या गावांचा हिशोब अंदाजानेच करावा लागला. सीझिअम-१३७ मातीत तीस वर्षांनीही निम्मे उरते, म्हणून त्यावरून आयोडीनचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न झाले. त्यात अडचण अशी की ही दोन्ही मूलद्रव्ये हवेतून एकसारखी प्रवास करत नाहीत. सीझिअम धूलिकणांना चिकटून जाते, तर आयोडीनचा बराच भाग वायुरूपात फिरतो, त्यामुळे दोघांचे प्रमाण गावोगाव बदलते.

अमळनेरची लेक

मी या विषयातील तज्ज्ञ नाही, परंतु आयोडीन-१३१ आमच्या घरात येऊन गेलेले आहे, म्हणून लिहिते. माझ्या आईच्या थायरॉईडमध्ये कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर मुंबईत तिला किरणोत्सारी आयोडीन देण्याचे ठरले. त्याआधी दोन आठवडे आयोडीन जवळजवळ बंद करावे लागले, कारण शरीरातील पेशी आयोडीनसाठी भुकेल्या असल्या तरच त्या औषधातील आयोडीन भरभरून घेतात, असे डॉक्टरांनी समजावले.

ते दोन आठवडे आमच्या स्वयंपाकघराने कधी पाहिले नव्हते असे होते. साधे मीठ शोधावे लागलेच, शिवाय उन्हाळ्यात घातलेले बिबडे, खारोड्या, लोणचे, सगळे आयोडीनच्या मिठात केलेले असल्यामुळे बाजूला ठेवावे लागले. दूध आणि दहीही बंद झाले. आई म्हणाली, "दूध कशाला बंद? त्यात मीठ थोडेच असते?" तेव्हा प्रथम कळले की गायी-म्हशीच्या दुधात आयोडीन उतरते.

औषध दिल्यावर तिला वेगळ्या खोलीत ठेवले. तेथील शौचालयाचे पाणी थेट गटारात न सोडता मोठ्या टाक्यांमध्ये साठवतात आणि किरणोत्सार पुरेसा उतरल्यावरच पुढे सोडतात, असे तेथील परिचारिका ताईंनी सांगितले. आईला घरी आणल्यावर माझ्या दोन वर्षांच्या मुलाला काही दिवस तिच्या मांडीवर बसू दिले नाही, आणि त्या दोघांनाही ते फार जड गेले. आज सहा वर्षांनी ती ठणठणीत आहे.

किरणमापक

ताई, आपल्या आईंची प्रकृती उत्तम आहे हे वाचून मनापासून आनंद झाला. मी मुंबईत किरणोत्सार सुरक्षेच्या कामात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर धुळ्यात राहतो. मास्तरांच्या प्रश्नाकडे मी सावकाश येणार आहे, कारण ताईंच्या प्रतिसादात त्याचे अर्धे उत्तर दडलेले आहे.

आयोडीनचे ३५ हून अधिक समस्थानिक, म्हणजे न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेले प्रकार, ज्ञात आहेत आणि त्यांपैकी स्थिर असा एकच आहे, तो म्हणजे आयोडीन-१२७. मिठातले, समुद्रातले, आपल्या गळ्यातले आयोडीन म्हणजे तेच. थायरॉईडची पेशी आयोडीन ओळखते ते त्याच्या रासायनिक गुणधर्मांवरून. अणुकेंद्रात न्यूट्रॉन किती आहेत हे तिला कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे १२७ साठी उघडलेल्या दारातून १२३, १२५, १२९ आणि १३१ हे सारे आत जातात. पेशी भुकेली ठेवली की औषध आत जाते आणि पेशी आधीच भरून ठेवली की अपघातातले आयोडीन बाहेर राहते.

आत गेल्यावर मात्र प्रत्येकाचे काम वेगळे. आयोडीन-१३१ मधून निघणारे बीटा किरण ऊतींमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात, म्हणून ते ज्या पेशींत शिरले तेथेच दाह करतात; सोबत निघणारे ३६४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण शरीराबाहेर येतात, आणि त्यावरून औषध कोठे पोहोचले हे कॅमेऱ्यात दिसते. केवळ चित्र हवे असेल तर आयोडीन-१२३ अधिक चांगले. त्याचा अर्धायुकाल १३ तासांचा आहे आणि ते बीटा किरण सोडत नाही. ते सायक्लोट्रॉन या कण-त्वरक यंत्रात तयार करावे लागते, त्यामुळे सर्वत्र मिळत नाही. आयोडीन-१२४ हे पॉझिट्रॉन सोडते आणि पेट स्कॅनसाठी वापरता येते.

१३१ चा शोध १९३८ मध्ये बर्कलेत ग्लेन सीबोर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांनी लावला. १९४१ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सॉल हर्ट्झ यांनी थायरॉईडच्या रुग्णावर किरणोत्सारी आयोडीनचा पहिला उपचार केला. आपल्याकडे परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात आहे. तुर्भ्याच्या अणुभट्टीत टेल्युरिअमवर न्यूट्रॉनांचा मारा करून हे आयोडीन तयार करता येते. आठ दिवसांत निम्मे होणारा माल साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे औषध निघाल्यापासून रुग्णापर्यंतचा प्रत्येक दिवस मोजावा लागतो.

प्रयोगशाळा जळगाव

किरणमापक साहेबांनी आयोडीन-१२५ चा उल्लेख केला आणि पुढे गेले, म्हणून मी थोडी भर घालतो. माझ्या नोकरीची पहिली अनेक वर्षे याच समस्थानिकाबरोबर गेली. थायरॉईडच्या टी-३, टी-४ या तपासण्या तेव्हा रेडिओइम्युनोअसे पद्धतीने होत. रक्तातील संप्रेरक आणि आयोडीन-१२५ ने खूण केलेले तेच संप्रेरक, या दोघांमध्ये मोजक्या प्रतिपिंडांसाठी स्पर्धा लावायची, आणि शेवटी नळीत किती किरणोत्सार उरला यावरून रक्तातील प्रमाण काढायचे, अशी ती रचना होती. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिन मोजण्यासाठी ती विकसित केली. यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन १९७२ मध्येच वारले होते, म्हणून त्या सन्मानात ते नव्हते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

१२५ चा अर्धायुकाल ५९ दिवसांचा असल्यामुळे किट काही आठवडे वापरता येत असे, आणि त्याचे गॅमा किरण इतके मंद असतात की शिशाचा पातळ पत्राही पुरतो. आता रसायनदीप्तीवर, म्हणजे रासायनिक अभिक्रियेतून निघणाऱ्या प्रकाशावर, चालणारी यंत्रे आली आणि ती नळ्यांची रांग गेली. परंतु हेच १२५ बारीक बीजांच्या रूपात प्रोस्टेट आणि डोळ्यांच्या कर्करोगात गाठीत किंवा गाठीला लागून ठेवले जाते.

नाना चोपडेकर

मी शिक्षणाने शेतकी पदवीधर आहे, म्हणून मातीच्या बाजूने लिहितो. जमिनीला आयोडीन मिळते ते मुख्यतः समुद्राकडून. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ५० ते ६० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. पाण्याच्या पृष्ठभागावर ओझोनशी अभिक्रिया होऊन, तसेच समुद्रशैवाल आणि सूक्ष्मजीवांमुळे मिथिल आयोडाइडच्या रूपात, ते हवेत उडते आणि पावसाबरोबर जमिनीवर येते. समुद्रापासून लांबच्या, पावसाने धुपलेल्या डोंगराळ मातीत ते फारसे टिकत नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर माझ्या लहानपणी गळ्याला मोठी गाठ असलेल्या बायका सहज दिसत. धुळे जिल्ह्याचा, तेव्हा नंदुरबार त्यातच होता, हिमालयाबाहेरच्या गलगंडाच्या पट्ट्यांमध्ये समावेश होत असे. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून आयोडीनच्या मिठाचा जो अभ्यास झाला, त्यानंतर १९६२ मध्ये देशभरचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. आज कारखान्यात मिठात ३० आणि घरात पोहोचेपर्यंत किमान १५ भाग प्रति दशलक्ष आयोडीन असावे, असा दंडक आहे.

आपल्या काळ्या जमिनीविषयी एक गोष्ट नोंदवतो. तिच्यातील चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो आणि आयोडाइडवरही ऋण प्रभार असतो. त्यामुळे सीझिअमला जसे चिकणमाती धरून ठेवते, तसे आयोडाइडला धरत नाही. आयोडीन जमिनीत अडकते ते सेंद्रिय पदार्थांत आणि लोहाच्या ऑक्साइडांवर. शेणखत घातलेल्या शेतात आणि उघड्या पडलेल्या शेतात म्हणूनच त्याचे वर्तन वेगळे असते.

परखड

नानांच्या प्रतिसादावरून एक सरळ विचार मनात येतो. आपण सारे आयोडीनचे मीठ खातो, म्हणजे आपले थायरॉईड भरलेलेच असते. मग अणुअपघात झाला तरी आपल्याला चिंता करण्याचे कारण नाही, असे म्हणावे का? फार तर त्या दिवसांत मीठ थोडे जास्त खावे.

प्रयोगशाळा जळगाव

परखड भाऊ, हा विचार धोक्याचा आहे, म्हणून आकडेच मांडतो. अणुअपघाताच्या वेळी थायरॉईड भरून ठेवण्यासाठी देतात त्या प्रौढांसाठीच्या संरक्षक गोळीत १३० मिलिग्रॅम पोटॅशिअम आयोडाइड, म्हणजे सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. ३० भाग प्रति दशलक्ष आयोडीन असलेल्या एक किलो मिठात ते ३० मिलिग्रॅम असते. गोळीइतके आयोडीन मिळवायला तीन किलोंहून अधिक मीठ एका वेळी खावे लागेल आणि त्यातून माणूस दगावेल. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघाताच्या बातम्यांनंतर चीनमध्ये लोकांनी मिठासाठी दुकानांत गर्दी केली होती, ती याच गैरसमजातून. गोळीसुद्धा अपघाताच्या थोडी आधी किंवा नंतर काही तासांतच उपयोगी पडते, आणि ती अधिकाऱ्यांनी सांगितल्यावरच घ्यायची असते. जखमेवरचे आयोडीनचे औषध पिण्याचा विचारही करू नये.

तरीही आपल्या म्हणण्यात एक खरा धागा आहे. चेर्नोबिलभोवतीच्या ज्या भागांत लोकांच्या आहारात आयोडीनची कमतरता होती, तेथील मुलांना धोका अधिक होता, कारण भुकेल्या ग्रंथीने मिळेल ते आयोडीन ओढून घेतले. रोजचे आयोडीनयुक्त मीठ हे म्हणून महत्त्वाचे आहेच.

नवापूरकर

मग माझी शंका विचारतो. काकरापारचे अणुवीज केंद्र आमच्या नवापूरपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि तेही तापीवरच आहे. आमच्या भागातील बऱ्याच जणांना वाटते की तेथे काही झाले तर आयोडीन तापीच्या पाण्यातून खान्देशात येईल.

गिरणाकाठ

भाऊ, तापी मुलताईहून निघून भुसावळ, शिरपूर, प्रकाशा असे करत उकाईच्या जलाशयात जाते आणि काकरापार त्याच्याही खाली, सुरतेच्या दिशेला आहे. खान्देश केंद्राच्या वरच्या अंगाला आहे. पाणी उलटे वाहणार नाही. विचार करायचाच असेल तर वाऱ्याचा करावा.

किरणमापक

गिरणाकाठ यांनी अचूक सांगितले. वाऱ्याविषयी मी सांगतो. आयोडीन-१३१ युरेनियमच्या विखंडनात, म्हणजे अणुकेंद्र फुटताना, इंधनाच्या आतच तयार होते आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत बंद राहते. एखादी नळी झिरपू लागली तर शीतक पाण्यातील आयोडीन-१३१ वाढते; म्हणजे हा समस्थानिक तेथे खबर देण्याचे कामही करतो, आणि त्यावरून सदोष इंधन शोधून काढता येते. हवा बाहेर सोडण्यापूर्वी ती कोळशाच्या गाळणीतून जाते. मिथिल आयोडाइड साध्या कोळशाला नीट चिकटत नाही, म्हणून कोळशावर आधीच स्थिर पोटॅशिअम आयोडाइड चढवलेले असते. किरणोत्सारी आयोडीन तेथे येऊन स्थिर आयोडीनशी जागेची अदलाबदल करते आणि अडकून राहते. नोकरीत मला सर्वांत आवडलेली ही युक्ती आहे.

प्रत्येक केंद्राच्या परिसरात पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते आणि ती हवा, पाणी व अन्नाबरोबर दुधाचे नमुनेही तपासते. दूध का, ते अमळनेरच्या ताईंच्या आईंच्या प्रश्नात आले आहे. गाय दिवसभरात मोठ्या क्षेत्रावरचे गवत खाते, म्हणजे विखुरलेले आयोडीन ती गोळा करते. काही दिवसांत ते दुधात उतरते आणि दूध पिते लहान मूल, ज्याची ग्रंथी एक-दोन ग्रॅमची असते. तेवढेच आयोडीन वीस ग्रॅमच्या ग्रंथीत गेले असते तर प्रत्येक ग्रॅमला मिळालेली मात्रा कितीतरी कमी झाली असती. ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडमधील विंडस्केलच्या अणुभट्टीला लागलेल्या आगीनंतर सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधील दूध ओतून दिले गेले. चेर्नोबिलनंतर पोलंडने मुलांना सुमारे एक कोटी मात्रा आयोडीन दिले. ज्या भागांत दूध वेळेत थांबले नाही, तेथे त्या वेळी बालवयात किंवा किशोरवयात असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉईडच्या कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांतील मोठा वाटा दूषित दुधाचा होता. ते दूध भुकटी करून तीन महिने कपाटात ठेवले असते तर आयोडीनपुरते ते निर्धोक झाले असते. हे आठवले की आजही मन अस्वस्थ होते.

रावेरचा केळीवाला

विषय थोडा वळवतो, क्षमा असावी. आमच्या रावेर-यावलच्या बझाडा पट्ट्यात, म्हणजे डोंगरपायथ्याच्या गाळाच्या पट्ट्यात, सातपुड्यातून येणारे पाणी दगडगोट्यांच्या थरांतून खाली मुरते आणि केळीच्या बागा त्यावरच उभ्या आहेत. विंधनविहिरी दरवर्षी खोल जात आहेत. हे पाणी किती जुने आहे, कोठून येते, हे आयोडीनच्या समस्थानिकांवरून कळू शकते का?

नाना चोपडेकर

प्रश्न अगदी विषयातला आहे, क्षमा कशाची? आयोडाइडला चिकणमाती फारशी धरत नाही, हे मी वर लिहिले. त्यामुळेच ते पाण्याबरोबर चालते आणि खूण म्हणून उपयोगी पडते. विहिरीत थोडे आयोडीन-१३१ सोडून ते किती वेगाने विरळ होते हे मोजले की त्या जागी भूजल किती वेगाने सरकते हे कळते, आणि काही आठवड्यांत खूण आपोआप नाहीशी होते. हे काम अर्थात परवानगीने आणि तज्ज्ञांनीच करायचे असते. आपल्या पट्ट्यातील पाण्याचे वय काही दशकांच्या घरात असेल, तर त्यासाठी १२.३ वर्षे अर्धायुकाल असलेले ट्रिटिअम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, अधिक योग्य आहे. लाखो-कोटी वर्षांचे, तेलक्षेत्रातील खोल खारे पाणी असेल तर आयोडीन-१२९ कामाला येते.

किरणमापक

नानांनी १२९ चे नाव घेतले, तेव्हा आता मास्तरांचे ऋण फेडतो.

आयोडीन-१२९ चा अर्धायुकाल १ कोटी ५७ लाख वर्षे आहे. अणुभट्टीत युरेनियम फुटते तेव्हा १३१ बरोबर तेही तयार होते. दर शंभर विखंडनांमागे १३१ चे जवळजवळ तीन अणू निघतात आणि १२९ चा पाऊणही निघत नाही. परंतु १३१ म्हणजे बुडाला छिद्र असलेली बादली आहे. काही आठवड्यांनंतर जितके नवे पडते तितकेच गळून जाते आणि पातळी स्थिर राहते. १२९ ची बादली गळत नाही, म्हणून इंधन जितके दिवस भट्टीत असेल तितके ते साठत जाते. फुकुशिमाच्या परिसरातील मातीवरून काढलेल्या हिशोबात, अपघाताच्या दिवशी १३१ च्या एका अणूमागे १२९ चे साधारण पंचवीस ते तीस अणू होते, असे आढळले.

दोघांचे रसायन एकच. ज्या ढगातून, ज्या पावसातून, ज्या गवतावर १३१ पडले, त्याच वाटेने १२९ ही पडले. १३१ गेले, १२९ मातीच्या वरच्या थरात सेंद्रिय पदार्थांना धरून राहिले. दहा वर्षांनी त्या गावची माती खणून १२९ चे अणू मोजायचे, मातीत आधीपासून असलेले १२९ वजा करायचे, आणि अपघाताच्या वेळचे गुणोत्तर वापरून १३१ किती पडले होते ते काढायचे. बेलारूसमध्ये या पद्धतीची पडताळणी १९९० च्या दशकात झाली आणि जपानमध्ये ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आपल्या विद्यार्थिनीला हेच सांगावे.

मोजणे मात्र अवघड. सारख्याच वजनाच्या १३१ पेक्षा १२९ चा किरणोत्सार सुमारे सत्तर कोटी पटींनी कमी असतो, म्हणून मापकाला ते ऐकूच येत नाही. त्यासाठी त्वरक वस्तुमान वर्णपटमापक वापरतात, जो ऱ्हास होण्याची वाट न पाहता अणूच एकेक करून मोजतो. अणुयुगापूर्वी समुद्रात स्थिर आयोडीनच्या एक लाख कोटी अणूंमागे १२९ चे जेमतेम दीड अणू होते, आणि एवढेही या यंत्राला मोजता येते.

गिरणाकाठ

साहेब, सीझिअमच्या आधाराने मी जेथे थांबलो होतो, तेथून आपण पुढे नेले. आणखी एक जोडतो. फ्रान्समधील ला हाग आणि इंग्लंडमधील सेलाफील्ड येथील, वापरलेल्या अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रिया केंद्रांतून समुद्रात सोडलेले १२९ नॉर्वेच्या किनाऱ्याने आर्क्टिकपर्यंत पोहोचले, आणि समुद्रशास्त्रज्ञ त्यावरून प्रवाहांची दिशा व वेळ काढतात. दुसऱ्या टोकाला, १९६० मध्ये जॉन रेनॉल्ड्स यांना रिचर्डटन नावाच्या अशनीत झेनॉन-१२९ अधिक प्रमाणात सापडले. सूर्यमाला घडताना अस्तित्वात असलेले आयोडीन-१२९ अशनीत अडकले आणि तेथेच झेनॉन झाले, असा त्याचा अर्थ निघाला.

परखड

प्रयोगशाळा भाऊंचा हिशोब पाहून मी माझे मिठाविषयीचे विधान मागे घेतो. एक शंका उरते. १२९ कोट्यवधी वर्षे टिकते, तर ते १३१ पेक्षा अधिक घातक नाही का?

किरणमापक

ज्याचा अर्धायुकाल मोठा, त्याचा दर क्षणाचा किरणोत्सार कमी. आज मातीत असलेल्या १२९ पासून आपल्याला मिळणारी मात्रा नगण्य आहे. काळजी आहे ती अणुकचरा जमिनीत खोल पुरण्याच्या बाबतीत. नानांनी सांगितल्याप्रमाणे चिकणमाती आयोडाइडला अडवत नाही, आणि १२९ हजारो वर्षांनीही तितकेच असते. म्हणून अशा साठ्यांच्या सुरक्षेचा विचार करताना १२९ चे नाव पहिल्या काहींमध्ये येते.

शहादेकर मास्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज वर्गात बादलीचे उदाहरण देऊन सारे सांगितले, आणि अमळनेरच्या ताईंची परवानगी घेऊन त्यांच्या आईंची हकिगतही नाव न घेता सांगितली. तोरणमाळच्या त्या मुलीने वहीत गुणोत्तराचे गणित स्वतः मांडले. नंतर ती म्हणाली की तिच्या आजीच्या गळ्याला गाठ होती आणि घरी आजही खडेमीठ वापरतात. तेव्हा घरचे मीठ बदलण्याविषयी मी तिच्या वडिलांशी बोलणार आहे.

तिचा पुढचा प्रश्न असा आहे की आमच्या तोरणमाळच्या मातीतही १२९ असेल का.

किरणमापक

असणार. विश्वकिरणांमुळे हवेतील झेनॉनपासून थोडे १२९ निसर्गतः सतत तयार होते. १९४५ नंतरच्या वातावरणातील अणुचाचण्या आणि पुनर्प्रक्रिया केंद्रांमुळे त्यात भर पडली आणि ती उत्तर गोलार्धात सर्वदूर पसरली आहे. तिला सांगा की तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठचा, न नांगरलेल्या जागेचा वरचा चार बोटे थर घेतला, तर बहुतेक १२९ त्यातच मिळेल. नांगरलेल्या शेतात ते फाळाच्या खोलीपर्यंत मिसळून गेलेले असते.